घरचा आठ

लिंबायत, सुरत
३ फेब्रुवारी २०२५

…आणि समोरच्या पोराचा तिसराही बॉल भोकात गेला. सुकदेवभाऊ स्टिकच्या टोकाला खडू घासत उभाच. लोटूशेठ गल्ला सोडून माझ्या तोंडासमोर आला.

"ये पाँच है? गजा, ये पाँच नहीं, पाँच का बाप है."

"पाच आहे," मी म्हणालो.

मग काळाही गेला. सुकदेवभाऊ सलग चौथ्या रविवारी हरला.

मामा, हे फोनवर सांगितलं असतं. पण तुम्ही फोन कानाला लावता आणि समोरचा काहीही विचारो, 'हां, मामी बरी आहे' म्हणता. म्हणून लिहितो.

लोटूशेठचा पूल हॉल आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. खाली बायका साड्यांना खडे चिकटवतात, वर आम्ही बसतो. टेबलाला सहा भोकं. दोघांचे सात-सात रंगीत बॉल, एक काळा, एक पांढरा. स्टिकने पांढऱ्याला मारायचं, पांढऱ्याने आपले बॉल भोकात ढकलायचे. सात संपले की शेवटी काळा. तो घातला की जिंकलो. एवढंच आहे. यावर लोकांनी घरातली भांडी लावलेली आहेत.

मी खेळत नाही. मी नंबर देतो. नवा माणूस आला की दोन संध्याकाळ बघतो आणि एक ते नऊमधला एक आकडा त्याला चिकटवतो. आठवाल्याला पाचवाल्याशी खेळायचं असेल तर पाचवाल्याचे तीन बॉल आधीच उचलून ठेवतात. म्हणजे सामना बरोबरीचा होतो, आणि बरोबरीचा झाला तरच पैज लागते. पहिला फटका बसेपर्यंत, म्हणजे बॉल फोडेपर्यंत, नंबर बदलायचा हक्क माझा. तो बसला की देवाचाही नाही. बारा वर्षांत माझा नंबर चुकलेला नाही.

सुकदेवभाऊ आमचा आठ. हॉलमधला सगळ्यात मोठा. शुभम नावाचा पोरगा बमरोलीहून येतो, प्रोसेस हाउसमध्ये कापडाच्या घड्या घालतो. त्याला मी पाच दिला. तीन बॉल उचलून तो भाऊला दर रविवारी हरवतो. हॉलचं म्हणणं, शुभम सात आहे, हात लपवून खेळतो आणि मी त्याच्याशी मिळालेला आहे. दोन मार्चला रविवारी शेवटचा सामना. भाऊ पुन्हा हरला तर नंबर देणाऱ्याची खुर्ची माझी नाही.

तुम्ही चाळीस वर्षं बैल जोखलेत. ताकद लपवणारा कसा ओळखायचा ते सांगा.

एक कबूल करतो. आईला वाटतं मी रात्री दहापर्यंत रिक्षा चालवतो. मी सातलाच स्टँड सोडतो. तिला कळवू नका. पत्र घरीच पाठवा. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा मी जेवायला घरी असतो.

गजेंद्र


शिंदखेडा
८ फेब्रुवारी २०२५

चि. गजेंद्र,

पत्राला सुरुवात असते. मामाची तब्येत विचारायची, मामीची विचारायची, कुणी नाही तर म्हशीची. तू सरळ तिसऱ्या गोटीवर आलास. तब्येत बरी आहे. मामी दिवसभर ओरडते, मला ऐकू येत नाही. संसार सुखाचा चालला आहे.

तुमचा धंदा दोनदा वाचला. धडधाकट माणसं काठीने गोट्या ढकलतात आणि त्यांना जोखायला एक माणूस पगारी ठेवलाय. पगार असेल असं धरून चालतो.

आता ऐक. बाजारात ताकद लपवणारा बैल मी पाहिला नाही. बैलाला ते सुचत नाही. लपवतो तो मालक, आणि मालक लपवतो तो नेहमी कमीपणा. लंगडा असेल तर गूळ चारून पळवतो. म्हातारा असेल तर दात कानशीने घासतो. चांगला बैल आणून वाईट दाखवणारा दलाल मला एकही भेटला नाही. तुमच्या सुरतेत असेल तर त्याला माझा रामराम सांग.

दुसरं. काम करताना बैल बघणारा गिऱ्हाईक आम्हाला फार आवडायचा, कारण तो हमखास फसायचा. कामाला उभा केला की कुठलाही बैल दहा मिनिटं बरा दिसतो. जू काढल्यावर बघावा. पाण्यावर कसा जातो, बसताना कुठला गुडघा आधी टेकतो, माशी कुठल्या बाजूची उडवतो आणि कुठल्या बाजूची बसू देतो. तुझ्या माणसांना पाण्यावर बघ आणि मला लिही. माणसांना म्हणतो. दोघांना.

तिसरं. जो स्वतःहून एक खोड सांगतो त्याची दुसरी शोधावी. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगायचो, शिंग जरा वाकडं आहे हो. तो बिचारा शिंगच बघत बसायचा. तू मला सातला स्टँड सोडल्याचं शिंग दाखवलंस. बाकीचा बैल कुठे आहे?

बघ, मीही सांगून टाकतो. तुझ्या बापाला मी जोडी विकली होती, त्यातल्या बांड्याचे दात मी घासले होते. दोन वर्षांनी तरुण केला होता. आता काय, बापही गेला आणि बांड्याही.

तुझा मामा
हिलाल


लिंबायत
१२ फेब्रुवारी २०२५

मामा, तब्येत कशी आहे? म्हैस?

बाकीचा बैल सांगतो. मी रिक्षा लावली आहे.

त्या रविवारी लोटूशेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "नंबर सच्चा है तो पीछे खड़ा रह ना." नंबरामागे उभं राहायचं म्हणजे आपलं काहीतरी लावायचं. मी किल्ली काढून टेबलावर टाकली. लोटूशेठने ती खिशात घातली आणि म्हणाला आरसी बुक पण आण. दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. दोन्ही त्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत. मी दुसऱ्या किल्लीवर चालवतो. रिक्षा भाऊवर लावलेली आहे. भाऊ हरला तर रिक्षा लोटूशेठची. ती बाबांच्या फंडातून घेतली होती आणि आमचं घर तिच्यावर चालतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. लोटूशेठला सांगितलं. तो म्हणाला, "तो मत लगा." पण तोवर वीस जणांनी ऐकलं होतं.

पाण्यावर बघितलं. तुम्ही म्हणालात म्हणून दोघांना बघितलं.

शुभम पाण्याची थैली दाताने फाडतो, एका दमात पितो, थैलीची घडी घालतो. रोज घड्याच घालतो, सवय लागली असेल. भाऊने ग्लासाला हात घातला तो ग्लासाच्या अलीकडेच पडला. दुसऱ्यांदा घातला तेव्हा ग्लास आडवा झाला. पाणी टेबलाच्या कापडावर गेलं असतं, मी माझ्या शर्टवर घेतलं. भाऊने लोटूशेठला शिव्या घातल्या. तेही बरोबर आहे. लोटूशेठने दिवाळीत नवे पांढरे दिवे लावले, ते डोळ्यांवर येतात. कापडही नवीन आहे, त्यावर बॉल जास्त पळतो. भाऊला जुन्या कापडाची सवय.

आणि शुभम लपवतो हे आता मला पटलंय, कारण तो फक्त भाऊशीच असा खेळतो. शुक्रवारी सहावाल्याशी एक बॉल उचलून खेळला, हरला. शनिवारी चारवाल्याला एक बॉल देऊन खेळला, कसाबसा जिंकला. बाकी सगळ्यांशी बरोबर पाचासारखा. भाऊ समोर आला की सात. याला काय म्हणायचं?

तुम्ही बांड्याचे दात घासलेत हे वाचून हसलो. बाबा गेले त्याला आठ वर्षं झाली, नाहीतर त्यांनाही वाचून दाखवलं असतं.

गजेंद्र


शिंदखेडा
१६ फेब्रुवारी २०२५

गजेंद्र,

म्हैस गाभण आहे. विचारल्याबद्दल ती आभारी आहे.

रिक्षा लावलीस. तुझा आजा एकदा पत्त्यांत सायकल हरून घरी चालत आला आणि आजीला म्हणाला की व्यायाम करतोय. ते रक्त तुझ्यात माझ्याकडून आलं असावं. बापाकडून नाही. तो सरळ होता.

आता तुझं पत्र तुलाच वाचून दाखवतो. शुभम सहावाल्याशी पाच, चारवाल्याशी पाच, सगळ्यांशी पाच. एका सुकदेवसमोर सात. एक बैल आठ जोडीदारांबरोबर सरळ चालतो आणि नवव्याबरोबर औत वाकडं जातं, तर तू कुणाला चाबूक मारशील?

सुकदेवबद्दल तू सहा ओळी लिहिल्यास आणि सहाही त्याला सोडवायला. दिव्याचा दोष, कापडाचा दोष, ग्लासाचा दोष. ग्लासाने काय केलं होतं रे?

मला एवढंच सांग. तो उभा कसा राहतो? रस्त्याने एकटा कसा जातो? आणि त्याला आठ हा नंबर तू शेवटचा कधी दिलास?

बाकी, माझी एक गोष्ट सांगतो. मी बहिरा झालो तेव्हा बाजाराला पाच वर्षं पत्ता लागला नाही. आमचा सौदा रुमालाखाली होतो. हातावर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून भाव सांगायचा, बोलायचं नाहीच. मी नुसतं मान हलवत हिंडायचो. लोक म्हणायचे, हिलाल दलाल आता फार गंभीर झाला.

मामा


लिंबायत
२० फेब्रुवारी २०२५

मामा,

तुम्ही सुकदेवभाऊला ओळखत नाही म्हणून सोडून देतो.

स्टिक कशी धरायची ते त्याने मला शिकवलं. तो लूमवर मास्तर होता तेव्हा बाबा त्याच्या हाताखाली होते. बाबा गेले त्या दिवशी स्मशानात लाकडं रचायला तोच होता, आणि तेराव्यानंतर मला या खुर्चीत बसवून 'घरी बसू नको' म्हणणाराही तोच. त्याआधी मी उभा राहूनच नंबर द्यायचो. माझ्या आधी नंबर तोच द्यायचा.

विचारलंत म्हणून उत्तरं देतो. आठ मी त्याला बारा वर्षांपूर्वी दिला. मी दिलेला पहिला नंबर तो. त्यानंतर द्यायचं काय कारण? आपल्या घराचा दरवाजा कुठे आहे ते कुणी रोज तपासतं का?

उभा राहताना मान जरा उजवीकडे वळवतो, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. ती त्याची स्टाईल आहे. पोरं नक्कल करतात. स्कूटर त्याने दिवाळीला विकली. पेट्रोल परवडत नाही म्हणाला. आता मी त्याला भेस्तानला घरी सोडतो. मला ते आवडतं, गप्पा होतात.

झालं समाधान?

आता तुमचं. एक खोड स्वतःहून सांगणाऱ्याची दुसरी शोधावी, हे तुम्हीच लिहिलंत. बांड्याच्या दातांचं तुम्ही विचारल्याशिवाय सांगितलंत. बाकीचा बैल कुठे आहे, मामा?

गजेंद्र


[पोस्टकार्ड]

लिंबायत
२१ फेब्रुवारी

हिलालभाऊ,

तुमच्या पाकिटांचा गोंद नीट चिकटत नाही, आणि पोस्टमन कधीकधी गजा यायच्या आधी येतो. पोरगा हॉलात बसतो हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. दहापर्यंत रिक्षा चालवणाऱ्याच्या बोटांना निळा खडू लागत नाही. रिक्षा लावल्याचं मात्र तुमच्या पत्रात वाचलं. दोन दिवस भाकरी गिळली नाही. त्याला बोलले नाही. बोलले तर तो मलाही नंबर देईल.

तुम्ही त्याला प्रश्न विचारत बसलात. सरळ सांगत का नाही? त्याला विचारून कळणार नाही, त्या माणसावर त्याचा जीव आहे.

बैलाच्या दातांचं सांगितलंत. उरलेलं तुम्ही सांगता की मी सांगू?

मंगला


शिंदखेडा
२४ फेब्रुवारी २०२५

गजेंद्र,

बांड्या उजव्या डोळ्याने आंधळा होत चालला होता.

मला माहीत होतं. असा बैल मान वळवून चालतो, चांगला डोळा समोर आणायला. गिऱ्हाइकाला ती ऐट वाटते. पाण्यावर जातो तेव्हा हौदाच्या अलीकडेच तोंड घालतो. नव्या वाटेने एकटा जात नाही, दुसऱ्याच्या मागून जातो. लपवायला एकच युक्ती असते. जोडीत डावीकडे उभा करायचा. म्हणजे फुटका डोळा जोडीदाराच्या बाजूला जातो आणि त्या बाजूने कुणी येतच नाही. मी तुझ्या बापाला म्हणालो, दाजी, याला डावीकडेच जुंपा, सवय आहे त्याला. तो हो म्हणाला. बहिणीचा नवरा, तपासणार कशाला.

बांड्या पहिल्याच उन्हाळ्यात उजव्या अंगाने विहिरीत गेला. दिवाळीपर्यंत तुम्ही सुरतेत होतात. तू सहा वर्षांचा होतास. तुझ्या बापाने मला शेवटपर्यंत एक शब्द विचारला नाही. त्यानंतर मी भाऊबीजेला सुरतेला आलो नाही. तिकीट मिळत नाही, म्हैस व्यायली, गुडघा दुखतो, असं दरवर्षी काहीतरी कळवत गेलो. चोवीस वर्षांत त्या म्हशीला चाळीस पारडी झाली असतील.

हे मी वाईट वाटून घेण्यासाठी लिहीत नाही. वाईट वाटून झालं आहे. तुझी रिक्षा आहे म्हणून लिहितो.

खात्री करायची असेल तर सुकदेवच्या उजव्या बाजूने जा. हळू जा. गालाजवळ हात ने. बघणारा माणूस दचकतो.

मग काय करायचं ते तुझं तू ठरव. मी काय केलं ते तुला सांगितलं आहे.

मामा


लिंबायत
३ मार्च २०२५

मामा,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. पाकीट या वेळी उघडंच होतं. आईने चिकटवायचाही त्रास घेतला नव्हता.

शनिवारी हॉलमध्ये मी भाऊच्या उजव्या बाजूला बसलो. बर्फातली सोड्याची बाटली उचलली आणि त्याच्या गालाजवळ नेली. गाल आणि बाटली यांत चार बोटं राहिली. भाऊ समोर बघत बोलत होता. "पोरगा फोडतो चांगला," म्हणाला. "मनगट सैल आहे." बाटलीचं पाणी त्याच्या खांद्यावर ठिबकलं तेव्हा त्याने वर छताकडे बघितलं.

मी बाटली खाली ठेवली. घरी सोडताना गप्पा झाल्या नाहीत.

काल चार वाजता सामना. पाच गेम, तीन जिंकेल तो. हॉल भरलेला. लोक खिडकीत चढून बसले होते. लोटूशेठने ड्रॉवर उघडून किल्ली आणि आरसी बुक सगळ्यांना दाखवलं, आरती फिरवतात तसं. मग शुभमचे तीन बॉल उचलले.

"ठेवा ते," मी म्हणालो. "नंबर बदलायचाय."

"अब इसको आठ बनाएगा?" लोटूशेठ हसला. सगळे हसले.

"शुभम पाच. सुकदेवभाऊ पाच."

खाली बायकांनी गाणं लावलं होतं ते ऐकू आलं. तोवर हॉलमध्ये ते कधी ऐकू आलं नव्हतं.

"माले पाच?" भाऊ माझ्या दिशेने निघाला. "तुझ्या आयला, तुला शेंबूड पुसायला मी शिकवलं आणि माले पाच?" मध्ये उजव्या हाताला स्टूल होतं. तो स्टुलावर आदळला. स्टूल पडलं, त्याच्यावरचा खडूचा डबा पडला, खडू सगळीकडे. तो थांबला. सगळ्यांनी स्टूल बघितलं. मग सगळ्यांनी त्याला बघितलं.

मी म्हणालो, "भाऊ, उजवा डोळा."

तो मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. आता मला ती स्टाईल वाटत नव्हती.

"इतला दिन लागनात रे तुले?" तो म्हणाला.

लोटूशेठ ओरडायला लागला की पैजा आठ-पाचावर लागल्यात, आता चालणार नाही. खिडकीतला एक जण म्हणाला, "फोडेपर्यंत नंबर गजाचा, शेठ. बोर्डावर तुम्हीच लिहिलंय." लिहिलेलं होतं. लोटूशेठने बोर्डाकडे बघितलं आणि तीन बॉल परत ठेवले.

भाऊने खिशातून रुमाल काढला. तिरका घातला आणि उजव्या डोळ्यावर करकचून बांधला. खानदेशातला दरोडेखोर दिसायला लागला. "पाच म्हणे," तो म्हणाला. "चल रे बमरोली, फोड."

"चालशे, काका," शुभम म्हणाला. त्याला काहीच कळलेलं नव्हतं.

मामा, मी बारा वर्षं खेळ बघतोय, असा बघितला नाही. आता लपवायचं काही नव्हतं. भाऊ टेबलाभोवती पूर्ण चक्कर मारायचा. स्टिक हवेत आडवी धरून अंतर मोजायचा. कुल्ल्याने लोकांना बाजूला सारायचा. दिवा बंद करा म्हणायचा, लोक बंद करायचे. पूर्वी तो ऐटीत पटकन मारायचा, कुणाला शंका येऊ नये म्हणून, हे मला काल कळलं. काल त्याने एकेका बॉलला गिऱ्हाईक दात बघतं तेवढा वेळ घेतला. पहिला गेम भाऊने घेतला. पुढचे दोन शुभमने. चौथा भाऊने.

पाचव्यात दोघांचाही काळाच राहिला. पाळी शुभमची. सरळ होता, फक्त हलक्या हाताने मारायचा होता. शुभमने जोरात मारला. काळा भोकाच्या तोंडावर आपटून बाहेर आला. मामा, तो चुकला तो अगदी पाचासारखा चुकला. भाऊने रुमालाची गाठ घट्ट केली, मारला, आणि बॉल आत पडायच्या आधीच पाठ फिरवून पाणी मागितलं. ग्लास मी त्याच्या हातात दिला.

लोटूशेठने किल्ली माझ्याकडे फेकली. "बैठ कुर्सी पे," म्हणाला. शुभमने खाली पडलेले खडू गोळा केले, डब्यात भरले आणि स्टूल सरळ केलं.

भेस्तानला जाताना भाऊ मागे बसून म्हणाला, "गजा, मी शुभमवर लावले होते."

मी रिक्षा बाजूला घेतली.

"पहिल्यापासून. पानवाल्याच्या नावाने. डोळा जाणार हे गणपतीतच कळलं होतं. म्हटलं आठ आहे तोवर विकून टाकावा. पाच झाल्यावर कोण घेणार?"

"डॉक्टरला दाखवलं?"

"दवाखान्यात अर्धी लिंबायत बसलेली असते. कुणी बघितलं असतं म्हणजे?"

"आणि माझी रिक्षा?"

"तू रिक्षा लावलीस त्याच रात्री सांगणार होतो. इथेच, याच सीटवर. तू आरशात बघून म्हणालास, घाबरू नको भाऊ, तू आठ आहेस. मग कसं सांगू?"

"मग आज लावलेले सगळे?"

"गेले. पानवाला रडत होता."

"हरायचं होतं तर जिंकलास कशाला?"

"तू पाच म्हणालास ना," तो म्हणाला.

घरी आल्यावर आईला तुमचं शेवटचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ते वाचलेलंच होतं, तरी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माले मालूम व्हतं. तुना बापले बी मालूम व्हतं."

बाबांना बाजारातच कळलं होतं म्हणे. त्यांना शेतीचा कंटाळा होता, आजोबा सोडू देत नव्हते. मेहुण्याने फुटक्या डोळ्याचा बैल दिला म्हटल्यावर आजोबांचं तोंड बंद झालं. बैल चांगला निघाला असता तर आम्ही अजून तिथेच असतो. बांड्या विहिरीत गेला तेव्हा मात्र बाबा दोन दिवस जेवले नव्हते, असं ती म्हणाली. तुमचं नाव त्यांनी त्यानंतर घेतलं नाही ते रागाने नाही. त्यांना तुमच्याकडे बघायची लाज वाटायची.

आई म्हणते, हिलालभाऊला लिही, या भाऊबीजेला म्हैस घेऊन ये, पण ये.

आज सकाळी साडेसातला भेस्तानला गेलो. भाऊ कोपऱ्यावर उभा होता, स्वच्छ शर्ट घालून. त्याने रुमाल बांधला नव्हता. मी डावीकडे रिक्षा लावली आणि हॉर्न वाजवला. डोळ्यांच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा आठ वाजले होते. बाकावर हॉलमधले दोघे आधीच बसलेले होते. ते सरकले, आम्ही बसलो. मोतीबिंदू आहे. गुरुवारी सकाळी उपाशीपोटी बोलावलं आहे.

गजेंद्र